तिसऱ्या दिवसाचं रक्त

त्या साली करेजचं पाणी आटत आटत मनगटाएवढं राहिलं. करेज म्हणजे डोंगराच्या पोटातून गावापर्यंत खणत आणलेला भुयारी पाट. तो आटला की गाव आटलं. तफ्तान डोंगराच्या माथ्यावर सलग तिसऱ्या हिवाळ्यात बर्फ धरलं नव्हतं. डाळिंबं झाडावरच तडकून वाळली, शेळ्यांच्या कासा चिंध्यांसारख्या लोंबायला लागल्या, आणि जो तो शाहमीरच्या तोंडाकडे बघायला लागला. शाहमीर पाण्याचा कारभारी. पाळी कुणाची, कुणाचं शेत आधी भिजवायचं आणि कुणाचं जळलं तरी चालेल, हे त्यानं ठरवायचं. त्याच्या बापानंही जन्मभर तेच केलं होतं.

पीरदाद हा शाहमीरचा धाकटा भाऊ. थोरल्यानं पाणी वाटायचं आणि धाकट्यानं ते जमिनीतून ओढून काढायचं, अशी त्या घरात कामाची वाटणी. पीरदाद विहिरीत उतरून, पुढं भुयारात रांगत जाऊन गाळ काढायचा. त्याचे गुडघे उंटाच्या गुडघ्यांसारखे निबर झाले होते. बोलणं मुळातच कमी, ते अंधारात राहून राहून आणखी कमी झालं होतं. त्याच्या वाटचं बोलायचं कामही बायकोलाच करावं लागे.

बायको गोहर. तिच्या कशिद्याला शहरच्या बाजारात मागणी होती आणि तिच्या जिभेला गावात धाक होता. बाई मोठी हुशार, असं सगळे म्हणायचे, आणि तिलाही ते पटलं होतं. पुढं जे झालं ते ह्या हुशारीनंच झालं.

गोहरला आधी दोन मुलगे झाले. दोन्ही वेळा नाळ झकास वाळली, गळून पडली, घरात गूळ वाटला, आणि मग बेंबी पाझरायला लागली. थेंब थेंब. राख लावली, जाळलेली चिंधी दाबली, पीठ भरलं. पाझर थांबायचा, सगळ्यांना हायसं व्हायचं, आणि दोन दिवसांनी पुन्हा फडकं भिजायचं. पोरं मेणासारखी पिवळी पडून गेली. आलनं नेली, बाळंतिणीच्या पोटावर बसणाऱ्या त्या तांबड्या केसांच्या हडळीनं नेली, असं म्हणून लोक मोकळे झाले.

तिसरी साजीन. तिची नाळ शाहमीरच्या बायकोनं, दुरबीबीनं कापली. गावातल्या निम्म्या पोरांच्या नाळा तिनंच कापलेल्या. सुरी फिरवता फिरवता ती बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही कापली माझ्या नगुमानच्या नावानं!" नगुमान तेव्हा तीन वर्षांचा होता आणि अंगणात माती खात होता. पण नाळेवर दिलेला शब्द म्हणजे शब्द. त्यासाठी भावाभावांनी एकमेकांची डोकी फोडलेली आहेत, पण शब्द मोडलेला नाही.

मग साजीनचीही बेंबी पाझरली. ह्या वेळी गोहरनं राख आणली नाही, पीठ आणलं नाही, कुणाला विचारलंही नाही. पोर पोटाशी बांधली आणि रस्त्यावर जाऊन दिसेल त्या ट्रकला हात केला. शहरच्या दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं, "हिच्या रक्तात एक चीज कमी आहे. रक्त थिजतं, पण थिजलेलं टिकत नाही. आज बांध पडतो, परवा फुटतो. दर महिन्याला शिरेतून औषध द्यायचं, जन्मभर. तेवढं केलंस तर तुझी पोर म्हातारी होईल." आणखी एक सांगितलं. "तुम्ही नवराबायको चुलतभावंडं. दोष दोन्हीकडून आलाय. हिला त्याच घरात देऊ नका."

पहिलं गोहरनं तंतोतंत पाळलं. दर महिन्याला कशिद्याचं गाठोडं बाजारात न्यायचं, पोरीला सोबत घ्यायचं, बाजाराआधी दवाखाना गाठायचा. गावाला तिनं सांगून टाकलं होतं, की पोर तेव्हाच एका सुईत बरी झाली. एकोणीस वर्षं ही मूठ झाकलेली राहिली. घरात फक्त पीरदादला माहीत होतं, आणि पीरदाद कशाला बोलतोय!

दुसरं पाळणं तिच्या हातात नव्हतं. शब्द मोडायचा तर कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं की शाहमीर पाणी तोडणार, आणि डागी रक्ताच्या पोरीला दुसरं कोण विचारणार? शिवाय साजीनला नगुमान हवा होता. तो विहिरीवर दोर ओढायला आला की हिला नेमकं तेव्हाच शेळ्यांना तिकडं न्यायचं असायचं.

"तुझ्या शेळ्या मेल्या मला बघून पळतात," तो म्हणायचा.

"शहाण्या आहेत," ही म्हणायची.

लग्न आठवड्यावर आलं. गोहर अंगणात बसून नवरीच्या झग्याच्या लांब खिशावर शेवटची फुलं भरत होती. तेवढ्यात दुरबीबी आली.

"बस म्हणशील की नाही?"

"बसा की जाऊबाई. घर तुमचंच आहे."

"माझंच आहे म्हणून तर विचारायला आले." दुरबीबीनं मांडी घातली, कशिदा उलटा करून मागचे टाके तपासले आणि खाली ठेवला. "माझ्या मनात एक डाचतंय. तुझे दोन पोरगे गेले."

"गेले. आज कशाला त्यांची आठवण?"

"बेंबीचं रक्त जाऊन गेले. हिचीही वाहिली होती. बायका बोलतात गं. मला सून पाहिजे, वाहती मोरी नको."

गोहरच्या हातातली सुई बोटात शिरली. तिनं बोट चोखलं. "एकोणीस वर्षांत पोरीच्या ओरखड्याचं तरी रक्त वाहताना पाहिलंत?"

"पाहिलं नाही, म्हणून पाहायचंय." दुरबीबीनं खिशातून सुरी काढून मांडीवर ठेवली. हाडाची मूठ, झिजून पातळ झालेलं पातं. "हिची नाळ कापली तीच आहे. हातावर जरासं कापीन. थांबलं, तर लग्न. नाही थांबलं, तर माझ्या पोराला मुलींचा दुष्काळ नाही. मग तुझ्या नवऱ्यानं पाण्याच्या पाळीला माझ्या दारात यायचं नाही."

गोहरला आतून हसू फुटलं. ह्या रक्ताची खोड तिच्याइतकी कुणाला माहीत होती? पहिल्या दिवशी ते साळसूद असतं. "कापा की मग," ती म्हणाली. "बोलावू का पोरीला? आत्ता थांबतं की नाही बघा."

"आत्ता थांबेल गं!" दुरबीबी हसली. "तुझ्या पोरांचंही पहिल्या दिवशी थांबलं होतं. मीच होते ना उशाशी. तिसऱ्या दिवशी उसळलं. मी काय दुधखुळी आहे? पोरीला माझ्या घरात ठेवीन, भोवती चार बायका बसवीन. मला तिसऱ्या दिवसाचं रक्त बघायचंय."

बाई कसायाच्या नजरेची होती. मग गोहरनं सुईत नवा दोरा ओवला आणि डोळे न उचलता म्हणाली, "बघा. पण शुक्रवारी. उद्या आम्हाला बाजारात जायचंय. लाल दोरा संपलाय, आणि पोरीच्या चपला मापानं घ्यायच्यात."

"जा की. चपला चांगल्या घे."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात साजीन बाही वर करून बसली. नर्सबाईनं पांढरी पूड पाण्यात विरघळवली आणि हळूहळू शिरेत सोडली. ह्या पोरीला तिनं लहानपणापासून टोचलं होतं.

"पुढच्या खेपेला तू नवरी असशील. नवऱ्याला सांगितलंस?"

"सांगेन."

"सांगेन नाही, सांग. एक महिना चुकला तर देव तारेल. दोन चुकले तर मला सांगू नकोस. आणि पोटात राहिलं, तर एक दिवससुद्धा इकडंतिकडं नको. औषधाशिवाय पोरही राहायचं नाही आणि तूही राहायची नाहीस."

"किती घाबरवता बाई! तुमच्या नवऱ्याचं काय होत असेल!" साजीन म्हणाली, आणि नर्सबाईला हसू आलं.

परतताना ट्रकच्या मागच्या भागात दोघी गाठोड्यावर बसल्या होत्या. वारा तोंडात माती भरत होता. साजीन म्हणाली, "आई, असं नको करू या. मी नगुमानला खरं सांगते. तो काही म्हणायचा नाही."

"तो नाही म्हणायचा. त्याची आई म्हणेल. एकदा लग्न होऊ दे, मग त्याच्या कानात सांग. नवऱ्याच्या कानात सांगितलेलं खपतं."

"आणि काकीला कळलं तर?"

"तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर ती काय बोलणार? तिचंच तोंड बंद होईल." गोहरनं पोरीची बाही नीट खाली ओढली, टोचल्याची खूण झाकली. तिला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटत होता. खरंच वाटत होता.

शुक्रवारी दुरबीबीच्या अंगणात बायका जमल्या. साजीननं डावा हात पुढं केला. दुरबीबीनं बिस्मिल्ला म्हणून सुरी टेकवली आणि मनगटाच्या वर बोटभर लांब ओढली. जरासं म्हणाली होती, पण हात भीडभाड न ठेवता चालला. कातडी उघडली. रक्त कोपरापर्यंत आलं, तिथून मातीत ठिबकलं. साजीननं ओठ दाताखाली धरला. दुरबीबी माळ ओढत होती. माळ संपायच्या आत ठिबकणं थांबलं. एका पोरीनं आनंदानं जीभ लवलवून किलकारी द्यावी म्हणून तोंड उघडलं, तशी दुरबीबी खेकसली, "गप! अजून तिसरा दिवस आहे."

तीन दिवस साजीन त्या घरात बसून राहिली. तिच्या हातावर कुणी पट्टी बांधू देईना. आंघोळीला जाताना मागं बाई, झोपताना उशाशी बाई. गावातली म्हातारी बायकामंडळी येऊन हात उलटासुलटा करून बघून जायची, बाजारात शेळीचे दात बघतात तशी. गोहर रोज भाकरी घेऊन यायची आणि दारातच बसायची. औषध अंगात आहे, काही होणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी घास उतरत नव्हता.

तिसऱ्या दिवशी उन्हं वर आली. जखमेवर कोरडी खपली होती, कडेनं गुलाबी कातडी धरलेली. दुरबीबीनं खपलीवर अंगठा दाबला, चांगला रेटून दाबला. काही आलं नाही. मग त्या करड्या बाईनं साजीनचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ती रडली.

"माझ्या पोरी! माझ्या घराची लाज राखलीस." उठून तिनं गोहरला मिठी मारली. "मी तुझ्यावर संशय घेतला गं. मला माफ कर."

"असू दे जाऊबाई," गोहर म्हणाली. "आईचं काळीज असतं. मीही असंच केलं असतं."

बायकांनी जिभा लवलवल्या, खजूर वाटले, शाहमीरनं बोकड कापला. आपण जिंकलो असं गोहरला वाटलं.

लग्न झालं. करेज कोरडी पडल्यामुळं तरण्या पोरांना गावात काम नव्हतं. नगुमान थोड्याच दिवसांत डिझेलची पिंपं घेऊन सरहद्दीकडं गेला. त्या आधी गोहरनं पोरीला विहिरीच्या वाटेवर गाठून विचारलं, "सांगितलंस?"

"कसं सांगू?" साजीन जमिनीकडं बघत होती. "जो येईल त्याला माझा हात दाखवतो. म्हणतो, माझी बायको पारखून घेतलीय. आई, त्याचं तोंड बघितलं की माझी जीभच उचलत नाही."

महिना भरला. गोहर गाठोडं घेऊन दुरबीबीच्या दारात उभी राहिली. "साजीनला नेते जरा बाजारात. उद्या आणून सोडते."

"बाजारात?" दुरबीबी पीठ मळत होती. "ती तुझी लेक होती तेव्हा नेलीस. आमच्या सुना बाजारात बसत नाहीत."

"डोळे दाखवायचेत तिचे."

"डोळे? काल एका झटक्यात सुईत दोरा ओवला तिनं."

"मग माहेरपणाला तरी आठ दिवस पाठवा. रीतच आहे ती."

"रीत मला शिकवतेस?" दुरबीबीनं हात झटकले. "करेजवर वीस माणसं राबतायत. त्यांच्या भाकऱ्या कोण भाजणार, तू? पाणी लागू दे, मग ने माहेरी." मग आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, "अगं, तुझ्या पोरीला काही झालेलं नाही. मी कापून बघितलंय. तू उगाच जीव टांगून घेऊ नकोस."

गाठोडं दारातच टेकवून गोहर तंदूरकडं गेली.

साजीन तंदूरवर वाकली होती. घाम गळत होता. झगा वर खोचलेला. नडगीवर तळहाताएवढा काळानिळा डाग गोहरला दिसला.

"हे काय?"

"हंडा लागला." साजीननं झगा खाली सोडला. मग इकडंतिकडं पाहून ती हळूच म्हणाली, "आई, पाळी चुकलीय माझी." तिचं तोंड तंदूरच्या उजेडात फुललं होतं.

गोहरनं तिचं मनगट धरलं. "आत्ता चल. अशीच. रस्त्यावर जाऊ, मिळेल तो ट्रक धरू."

"पळून? सासरहून?" साजीननं हात सोडवला. "लोक काय म्हणतील? तो येतोच आहे आठ दिवसांत. आला की त्याच्या पाया पडते, सगळं सांगते. तोच नेईल मला. आठ दिवसांनी काय होतंय आई?"

नगुमान आठ दिवसांत आला नाही. सरहद्द बंद झाली होती, पोरं पलीकडंच अडकली होती. एक ट्रकवाला निरोप सांगून गेला, की ठीक आहे, पुढच्या चंद्रापर्यंत येईन.

गोहरनं नवऱ्याच्या पुढ्यात भाकरी आणि ताक ठेवलं आणि त्यानं ओढून घ्यायच्या आत हातानं ताट धरून ठेवलं. "तुमच्या भावाला सांगा."

"काय सांगू?"

"खरं सांगा. पोरीला सुई चुकली. दुसरा महिना चालू झाला. पोटात आहे तिच्या."

पीरदादच्या नखांत गाळ होता. तो भाकरीकडं बघत होता. "आता सांगू? पारखून दिली तेव्हा गप्प बसलो आणि आता सांगू? तो म्हणेल, सख्ख्या भावाला फसवलंस." त्यानं ताट ओढून घेतलं. "पाणी जवळ आलंय. माती ओली लागतेय. पाणी लागलं की त्याचा जीव थंड होईल. मग सांगतो."

"पाणी लागेपर्यंत पोर थांबेल का?"

"तूच केलंस ना हे सगळं?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. एवढं बोलून तो जेवायला लागला.

ऊन चढल्यावर एके दिवशी शेजारची बाई सांगत आली, की साजीनचं पोटातलं पडलं. गोहर चूल तशीच टाकून धावली. दुरबीबी दारात बसून डाळ निवडत होती.

"ओरडू नकोस," ती म्हणाली. "पहिलं पडतंच. माझी दोन पडली. मग नगुमान झाला. गेलं ते गेलं, रक्तही थांबलंय. मेथीचं पाणी पाजलंय."

साजीन आत भिंतीशी निजली होती. आईला बघून ती ओशाळं हसली, काही फोडून ठेवल्यासारखं. गोहरनं गोधडी उचलून पाहिलं. फडकं कोरडं होतं. तेच ते साळसूद रक्त. बाहेर जाऊन सगळं ओकून टाकावं असं गोहरच्या मनात आलं. तिनं दारापर्यंत पाऊलही टाकलं. दुरबीबी डाळीतले खडे शांतपणे वेचत होती. आत्ता सांगितलं तर पोरीला आजच दाराबाहेर काढतील, असं गोहरला वाटलं. कदाचित ह्या खेपेला थांबेलही. उद्या तो ट्रकवाला येईल, त्याला गाठून काहीतरी करता येईल. काहीतरी सुचेल. आपल्याला नेहमी सुचतं.

ती परत आत जाऊन पोरीचे पाय चेपत बसली. तो सबंध दिवस तिनं असाच घालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांध फुटला. गोधडी भिजली, खालची चटई भिजली, चटईखालची माती चिकट झाली. साजीनचे ओठ पांढरे पडले. "आई, थंडी वाजते," ती म्हणाली. बाहेर भर ऊन होतं.

गोहरनं दुरबीबीचे पाय धरले. "गाडी मागवा. शहराला न्यायला हवं. जाऊबाई, पोरीच्या रक्तात खोट आहे. पहिल्यापासून आहे. दर महिन्याला सुई लागते. बाजाराच्या नावाखाली मी तीच देऊन आणायची."

दुरबीबीनं पाय मागं ओढले. "काय बोलतेस तू?"

"शपथ घेते. अल्लाची घेते."

"मी स्वतः कापलं," दुरबीबी म्हणाली. "ह्या हातानं. तीन दिवस बसले. अंगठा दाबून पाहिलं."

"आदल्या दिवशी सुई दिली होती! म्हणून भरलं!"

"वा गं वा!" दुरबीबीचा आवाज तापला. "पोर पडलं तर आता रक्तात खोट निघाली? सरळ सांग ना, की लेकीला घेऊन जायचंय. महिन्यामागं डोळे खराब होते, मग माहेरपण आलं, आता रक्त आलं. उद्या काय काढशील? नगुमान नाही, म्हणून सून पळवतेस?"

"तिच्याकडं बघा तरी! तोंड बघा तिचं!"

"बघितलंय. मी तीस वर्षं बायकांची रक्तं बघतेय. दोन दिवस जातंच. तू उगाच गावभर बोंबलू नकोस. माझ्या घराच्या रक्ताला नाव ठेवशील तर जीभ हासडीन."

गोहरची सगळी साक्ष गोहरनंच खोटी पाडून ठेवली होती. ती उठली आणि विहिरीकडं पळत सुटली. गावात गाडी एकच, शाहमीरची. ती विहिरीच्या तोंडाशी होती. रहाट मोडल्यापासून गाडीच्या मागं दोर बांधून, गाडी पुढं चालवून गाळाची कातडी मोट वर ओढत होते. दोराच्या दुसऱ्या टोकाला, खाली अंधारात, पीरदाद होता.

"भावोजी, गाडी द्या! साजीन मरतेय!"

गडी थांबले. शाहमीरनं हातातली चहाची पेली खाली ठेवली. "काय झालं?"

ती सगळं बोलली. वीस परक्या पुरुषांच्या समोर, डोक्यावरची ओढणी खांद्यावर पडलेली, पोरीच्या पाळीचं, पडलेल्या गर्भाचं, रक्ताचं, सुईचं, सगळं. काही गडी तोंड फिरवून उभे राहिले. एक जण खुसखुसला.

शाहमीरच्या मानेवरची शीर उठली. "तुझा नवरा वर येऊ दे," तो म्हणाला. "त्याच्या तोंडून ऐकतो."

गाडी कुरकुरत पुढं गेली. दोर ताठ झाला. पीरदादला वर यायला फार वेळ लागला. वर आला तो डोक्यापासून पायापर्यंत ओल्या मातीचा. डोळे तेवढे दिसत होते, आणि ते हसत होते. "लागलं," तो म्हणाला. "दादा, पाणी लागलं. खाली वाजतंय."

गड्यांनी अल्लाचं नाव घेतलं. कुणीतरी टोपी उडवली. शाहमीरनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि भावाजवळ गेला.

"तुझी बायको म्हणते, पोरीच्या रक्तात खोट आहे. तुला माहीत होतं, म्हणते. माझ्या घरात जाणूनबुजून नासकी पोर घातलीत, म्हणते. खरं?"

पीरदादनं गोहरकडं पाहिलं. मग गड्यांकडं. त्याच्या हनुवटीवरून गाळाचं पाणी ठिबकत होतं.

"बोला ना!" गोहर किंचाळली. "अहो, बोला! लेक तुमचीच आहे ना?"

"बायका घाबरल्या की काहीही बोलतात, दादा," पीरदाद म्हणाला. "पोर चांगली आहे. तुम्हीच पारखून घेतलीत." आणि मग खालच्या आवाजात, "पण नेऊ या शहराला. आईचं समाधान."

शाहमीरचा चेहरा सैल झाला. "नेऊ की. माझी सून आहे, मी काय नाही म्हणतोय? दोर सोडा रे. आणि आधी हातपाय धुऊन घे, गाडीत चिखल करू नकोस."

दोराची गाठ ओली होऊन आवळली होती. ती सुटेना. गोहरनं दातांनी ओढली. शेवटी एकानं कुऱ्हाड आणली.

साजीनला गोधडीत गुंडाळून गाडीच्या मागच्या भागात ठेवलं. गोहरनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. दुरबीबी पायाशी बसली, ओठांतल्या ओठांत दुवा म्हणत. वाट खडकांची. प्रत्येक हिसक्याला गोधडीवरचा डाग जरासा पुढं सरकायचा. कोरड्या नदीच्या पात्रात गाडी उतरली तेव्हा साजीननं डोळे उघडले.

"नगुमान आला?"

"येतोय," गोहर म्हणाली.

"त्याला तूच सांग, आई. मला लाज वाटते."

गाडी पात्राच्या पलीकडं चढत असताना मांडीवरचं डोकं जड झालं. आधी गोहरला वाटलं, चढामुळं असेल. शाहमीरनं थोडं पुढं जाऊन गाडी थांबवली आणि परत वळवली. शहराचा रस्ता दिसत होता.

गावात पाणी आलं होतं. पाटातून गढूळ, मातकट, पण चांगलं मांडीएवढं पाणी खळखळत होतं आणि पोरं त्यात उड्या मारत होती. त्याच पाण्याचे हंडे भरून बायकांनी दुरबीबीच्या अंगणात आडोसा केला. साजीनला फळीवर घेतलं. दुरबीबी धूत होती, गोहर पाणी घालत होती. तोंड झालं, उजवी बाजू झाली.

गावातली एक म्हातारी दबकत म्हणाली, "विहिरीवर म्हणे काहीतरी बोललीस गोहर. रक्ताचं काही होतं का गं पोरीला?"

बायकांचे हात थांबले. दुरबीबीनं साजीनचा डावा हात उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला. मनगटाच्या वर बोटभर रेघ होती. पांढरी, बारीक, गोहरच्या टाक्यासारखी सरळ.

"हे बघा," दुरबीबी म्हणाली. "मीच कापलं होतं. किती सुरेख भरलंय बघा. नासक्या रक्ताची जखम अशी भरते का? माझ्या सुनेला काही खोट नव्हती. अल्लाची मर्जी, दुसरं काय." तिनं गोहरकडं पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, कीवच होती. "सांग गं ह्यांना. तिसऱ्या दिवशी तू होतीस ना तिथं?"

"होते," गोहर म्हणाली.

"भरली होती ना जखम?"

गोहरनं त्या रेघेकडं पाहिलं. आडोशापलीकडं पाण्यात पोरं ओरडत होती.

"भरली होती," ती म्हणाली.

दुरबीबीनं हात फळीवर ठेवला. गोहरनं तांब्या भरला आणि त्या हातावर पाणी घातलं.